नखीची निवड

खामगांवाकडील एका भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. पत्र दीर्घ आहे. त्याचा सारांश येथें देतों, कारण त्यांत विचारलेला प्रश्न एकट्या त्यांच्याच घरचा नाहीं. घर एकत्र कुटुंबाचें. धाकट्या दिरांची मुलगी तेरा वर्षांची असून गेले आठ महिने सतार शिकत आहे. शिक्षक आठवड्यांतून एकदां येतात. भगिनींचा स्वतःचा मुलगा महाविद्यालयांत असून त्यानें गिटार घेतली आहे. मुलीची तक्रार अशी कीं, उजव्या हाताच्या तर्जनीस नखी चढविली कीं पांच-दहा मिनिटांत बोट ठणकूं लागतें, पेर निळसर पडतें, आणि तार वाजते ती कर्कश किणकिणाट करीत वाजते. आठ महिने हा किणकिणाट ऐकून मामंजींनीं, म्हणजे भगिनींच्या सासऱ्यांनीं, निकाल दिला आहे कीं, "पोरीला हात नाहीं. दिवाळी झाली कीं सतार विकून टाका." त्या दिवसापासून मुलगी सतारीस शिवलेली नाहीं. इकडे मुलाच्या डबींत रंगीबेरंगी त्रिकोणी तुकडे पंधरा-वीस जमले आहेत. त्यांस तो 'पिक' म्हणतो, आणि रोज निराळा तुकडा घेऊन तीच गत वाजवितो. त्यावर मामंजींचें म्हणणें, "एक तुकडा पुरे, बाकीचे नुसते चोचले." भगिनी विचारतात कीं, सतार विकावी काय? आणि ह्या तुकड्यातुकड्यांत खरोखर कांहीं भेद असतो काय?

दोन्ही प्रश्नांचें उत्तर आमच्या मतें एकच आहे. हात आहे कीं नाहीं हें ठरविण्यापूर्वीं त्या हाताला काय बांधलें आहे तें पाहावें. आम्ही वादनपटु नव्हे; परंतु आमचीं चौतीस वर्षें शाळेंत मुलांचे हात पाहण्यांत गेलीं आहेत, आणि जाणत्या वादकांपाशीं बसून या विषयाचें कांहीं ऐकलें-विचारलेंहि आहे. त्या बळावर चार शब्द लिहितों.

वाद्य घ्यावयाचें म्हणजे घरांतील चार शहाणीं माणसें दुकानांत जातात, भोपळा निरखतात, दांडीवरील नक्षी पाहतात, किंमतीची घासाघीस करतात. नखी मात्र दुकानदार पुडींत बांधून वर फुकट देतो तीच घरीं येते. तिची किंमत वाद्याच्या किंमतीच्या शंभराव्या हिश्श्याइतकीहि नसते, म्हणून तिचा विचारहि तेवढाच होतो. परंतु वाद्याला हात लागतो तो नखीच्या द्वारें. सहस्र रुपयांचा भोपळा आणि सागवानी दांडी यांना जें कांहीं बोलावयाचें असेल तें त्या तारेच्या वेटोळ्यानें जसें बोलविलें तसेंच तीं बोलणार.

'नखी' हें नांवच बोलकें आहे. नखाचें काम करणारी ती नखी. हिंदुस्थानी वादकांत तिला मिजराब म्हणतात. तो शब्द अरबी आहे. 'जर्ब' म्हणजे आघात, आणि ज्यानें आघात करावयाचा तें साधन मिजराब. ह्याच 'जर्ब' शब्दापासून आपली मराठी 'जरब' आली. मोगल नाण्यांवर टांकसाळीच्या गांवाच्या नांवाबरोबर हाच शब्द असे, कारण नाणेंहि आघातानेंच पाडीत. आमच्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेपलीकडील बुऱ्हाणपुरास अशी एक मोगल टांकसाळ होती. संस्कृतांत ह्याच साधनाला 'कोण' म्हणतात. अमरकोशाच्या नाट्यवर्गांत वीणा वाजविण्याचें साधन या अर्थीं तो शब्द दिला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रांत चित्रा आणि विपंची अशा दोन वीणा सांगितल्या आहेत. चित्रा सात तारांची, ती बोटांनीं वाजवावी. विपंची नऊ तारांची, ती कोणानें वाजवावी. एकाच जातीच्या दोन वाद्यांत नुसत्या तारांचा आंकडा सांगून शास्त्रकार थांबला नाहीं, तर तारेला काय लावावयाचें हाहि त्यानें त्या वाद्याच्या लक्षणाचाच भाग मानला, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पुढें तेराव्या शतकांत यादव राजा सिंघण याच्या आश्रयानें शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकर रचला, तो आमच्या सिंदखेडराजाहून फार दूर नसलेल्या देवगिरीस. त्याच्या वाद्याध्यायांत उजव्या हाताचे, डाव्या हाताचे आणि दोन्ही हात मिळून करावयाचे व्यापार निरनिराळे सांगितले आहेत. तात्पर्य, तार कशानें व कशी छेडावी हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. दुकानांतून पुडी बांधून आणण्याची रीति मात्र नवी आहे.

आतां भेद कां पडतो तें पाहूं. तार छेडतांना आपण ती एका बिंदूपाशीं ओढतों आणि सोडतों. ओढलेल्या तारेचा त्या बिंदूपाशीं एक कोन होतो. छेडणारी वस्तु कठीण व निमुळती असेल तर हा कोन तीक्ष्ण होतो आणि तार क्षणांत सुटते. मग मूळ स्वराबरोबर वरचे बारीक उपस्वर पुष्कळ उमटतात व आवाजांत झळाळी येते. वस्तु मऊ व रुंद असेल तर कोन गोलसर होतो, तार जणू निसटत सुटते, वरचे उपस्वर दुबळे राहतात आणि आवाज भरीव व शांत येतो. तंबोरा छेडतांना बोटाचा मांसल भाग लावावा, नख लावूं नये, असें गायनशिक्षक पहिल्याच दिवशीं बजावतात त्याचें कारण हेंच. तंबोऱ्यानें गायकाच्या मागें उभें राहावयाचें असतें. शेगांवच्या दिंडींत किंवा एखाद्या खेड्यांतील सप्ताहांत वीणेकरी गळ्यांत वीणा घेऊन प्रहरच्या प्रहर उभा असतो, ती वीणा सात दिवस भूमीवर ठेवीत नाहींत, एकाच्या गळ्यांतून दुसऱ्याच्या गळ्यांत जाते, आणि ती उघड्या बोटानेंच वाजते. भजनाला आधार देणें एवढेंच तिचें काम, त्याला बोट पुरतें. सतारीला मात्र स्वतः पुढें होऊन गत बोलावयाची असते, दिडदा दिडदा स्पष्ट उमटवावयाचें असतें. तेथें बोटाचें मांस अपुरें पडतें आणि नख झिजून तुटतें. म्हणून नखी.

येथें आमच्या घरच्या वाद्यांची एक विशेष गोष्ट सांगितली पाहिजे. थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञानें इ. स. १८०० मध्यें असें दाखविलें कीं, ज्या जागीं तार छेडावी त्या जागीं ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदु येतो, ते उपस्वर त्या तारेंतून उमटत नाहींत. हा नियम शंभर वर्षांहून अधिक काळ निर्वेध मानला जात होता. आपले चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं तंबोरा व वीणा यांवर प्रयोग करून १९२१ सालीं दाखवून दिलें कीं, ह्या वाद्यांत जे उपस्वर नियमाप्रमाणें मुके राहावयाचे तेहि जोरानें ऐकूं येतात. कारण आमच्या वाद्यांची घोडी. तिचा माथा धारेसारखा नसून किंचित् वक्र व रुंद असतो, आणि कंप पावणारी तार त्या वक्र पृष्ठाला लागत-सुटत जाते. यालाच आपण जवारी म्हणतों. सतारीची घोडीहि ह्याच जातीची. अशा वाद्यांत उपस्वर मुळांतच विपुल असल्यामुळें नखीच्या दोषानें जो कर्कशपणा उत्पन्न होतो तो झांकला जात नाहीं. ज्या बोटाला नखी धड बसलेली नाहीं, त्या बोटाचें रडें सतार सगळ्या घराला ऐकविते.

हें नुसत्या वाचनानें पटणार नाहीं, म्हणून भगिनींनीं घरांत एक साधा प्रयोग करावा. मुलाच्या गिटारीची सर्वांत जाड तार घ्यावी. ती प्रथम अंगठ्याच्या मांसल भागानें, मग नखानें, मग नारळाच्या करवंटीच्या घांसून गुळगुळीत केलेल्या तुकड्यानें, आणि शेवटीं रुपयाच्या नाण्याच्या कडेनें छेडावी. जागा तीच असावी, जोर तोच असावा. मामंजींना डोळे मिटून बसवावें आणि कोणत्या वेळीं काय लावलें तें ओळखावयास सांगावें. आमची खात्री आहे कीं ते चारीहि वेळां बरोबर सांगतील. ज्यांचे कान आठ महिने किणकिणाट ओळखीत आले ते कान अधू नाहींत. एवढी मात्र सूचना कीं, हा खेळ घरच्या तंबोऱ्यावर करूं नये. नाण्यानें तार व जवारी दोन्ही दुखावतात.

हा प्रयोग झाला म्हणजे द्रव्याद्रव्यांचे गुण समजावयास सोपे जातील. सतारीची नखी पोलादी तारेची असते. एकच तार वळवून पुढें टोंक आणि दोन्ही बाजूंस बोट धरणारे वळसे केलेले असतात. तारेला पोलाद भिडतें म्हणून आवाज स्वच्छ व तेजस्वी येतो. ह्या नखींतहि प्रकार आहेत. जाड तारेची नखी वजनदार असते व तिचा आवाज भरदार. बारीक तारेची हलकी असते, तिचा आवाज पातळ पण तीक्ष्ण. नवशिक्यानें दोन्ही टोंकें टाळून मध्यम जाडीची घ्यावी.

सरोदाला नखी चालत नाहीं. तेथें अंगठा व बोटें यांत धरावयाचा 'जवा' असतो, आणि तो बहुतकरून नारळाच्या करवंटीचा करतात. ज्या करवंट्या आपण चुलींत घालतों किंवा राख ठेवावयास घेतों त्यांतूनच हें साधन निघतें, याचें वाचकांना कौतुक वाटेल. करवंटी दाट व कठीण असते, घांसली म्हणजे आरशासारखी गुळगुळीत होते, आणि धातूची झणझण तिच्यांत नसते. त्यामुळें सरोदाच्या जाड तारा तिनें छेडल्या म्हणजे गंभीर पण स्पष्ट नाद निघतो. सरोद हें पुरुषी ताकदीचें वाद्य, अशी समजूत असतां मुंबईच्या जरीन दारूवाला यांनीं हाच जवा हातीं घेऊन त्या वाद्यांत मोठें नांव मिळविलें, हें आपल्या मुलींना अवश्य सांगावें.

पाश्चात्य देशांत मँडोलिन व गिटार वाजविणारे पूर्वीं कासवाच्या कवचाचा तुकडा उत्तम मानीत. हें कवच हॉक्सबिल नांवाच्या समुद्रकासवाचें. तें कठीण असून लवचिक असतें, सावकाश झिजतें, आणि नखाशीं त्याचें जवळचें नातें असल्यामुळें त्याचा आवाजहि नखासारखा सजीव येतो. परंतु ह्या आवाजासाठीं तीं मुकीं जनावरें इतकीं मारलीं गेलीं कीं, त्यांची जात नष्ट होण्याची वेळ आली. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ह्या कासवास पहिल्या अनुसूचींत घालून पूर्ण अभय दिलें आहे, आणि पुढें आंतरराष्ट्रीय करारान्वयेंहि ह्या कवचाचा व्यापार बंद झाला. सतारीच्या घोडीसाठीं पूर्वीं हस्तिदंत व सांबरशिंग वापरीत. तोहि व्यापार आतां निषिद्ध आहे. कोणी दुकानदार कुजबुजत 'अस्सल कवच' किंवा 'जुनें सांबरशिंग' म्हणून कांहीं दाखवील तर घेऊं नये. ज्या नादाच्या मुळाशीं हिंसा आहे तो नाद देवघराच्या शेजारीं शोभत नाहीं, आणि दुसरीं साधनें मुबलक असतां त्याची गरजहि नाहीं.

कवचाची जागा ज्या पदार्थानें घेतली तो तर आम्हां वऱ्हाडकरांच्या शेताशेजारचाच म्हणावा लागेल. जॉन वेस्ली हायट या अमेरिकन गृहस्थानें आपल्या भावासह १८७० सालीं सेल्युलॉइडचें पेटंट घेतलें. बिलियर्डच्या खेळांतील चेंडूंसाठीं लागणाऱ्या हस्तिदंताला पर्याय शोधतां शोधतां त्याला हें साधलें. कापसाच्या तंतूवर नत्राम्लाचा संस्कार करावयाचा आणि त्यांत कापूर मिसळावयाचा, ही त्याची कृति. वातीचा कापूस आणि आरतीचा कापूर हे आपल्या देवघरांतले दोन पदार्थ एकत्र येऊन हें द्रव्य झालें. त्याच १८७० सालीं जलंब ते खामगांव हा आगगाडीचा फांटा आमच्या कापसासाठीं सुरू झाला, हा योगायोग लिहितांना आम्हांस गंमत वाटते. १९२२ सालीं न्यूयॉर्कमध्यें लुइजी डान्ड्रिया यांनीं सेल्युलॉइडचे असे तुकडे करून विकण्यास आरंभ केला, आणि गिटारवादकांचा 'पिक' घरोघर झाला. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' ज्या फितीवर उतरला तीहि सेल्युलॉइडचीच. ह्या पदार्थाचा आवाज गोड, झिजहि बेताची. परंतु कापूस-कापराचा स्वभाव तो सोडीत नाहीं, दिव्याजवळ गेला कीं भडकतो. म्हणून मुलाची डबी देवघराजवळ किंवा शेगडीपाशीं ठेवूं नये, एवढें भगिनींनीं पाहावें.

त्यानंतर नायलॉन आलें. तें मऊ व वांकणारें, म्हणून त्याचा आवाज सौम्य. ड्यूपाँ कंपनीनें १९६० च्या सुमारास डेल्रिन नांवाचा टणक व निसरडा पदार्थ बाजारांत आणला. तो तारेवरून सहज घसरतो व सावकाश झिजतो, म्हणून द्रुत लयीला सोईचा. अशीं नांवें आणखी पुष्कळ देतां येतील. पण मुलाला द्रव्यापेक्षांहि जाडी अगोदर समजली पाहिजे. अर्ध्या मिलीमीटरच्या आसपासचा तुकडा कागदासारखा वांकतो. सर्व तारांवरून एकदम हात फिरवून गाण्याला साथ करावयाची असेल तर तो बरा. एक मिलीमीटर किंवा अधिक जाडीचा तुकडा वांकत नाहीं. एकेक स्वर वेगळा काढावयाचा असेल, आपल्या रागांतील गत वाजवावयाची असेल, तर तो पाहिजे, कारण बोटाचा जोर मधल्या मधें न मुरतां तारेला पोंचतो. पाऊण मिलीमीटरचा तुकडा दोहोंच्या मध्यें, आणि शिकाऊ मुलाची सुरुवात तेथूनच व्हावी. ज्या गिटारीला नायलॉनच्या तारा असतात ती बोटांनीं व नखांनींच वाजवितात, तिला तुकडा लावूं नये. जे आपल्याकडील गवई-पद्धतीनें गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवितात ते तर बोटांत नख्याच घालतात. ब्रिजभूषण काबरा यांनीं ह्या रीतीनें गिटारीवर आपले राग आणले, आणि १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेंत तें घरोघर ऐकलें गेलें. गिटार परकी म्हणून तिला बाहेर ठेवण्याचें कारण उरलेलें नाहीं.

मग मुलाच्या पंधरा-वीस तुकड्यांचें काय? ते चोचले नव्हेत, पण रोज निराळा तुकडा ही शिस्तहि नव्हे. इंग्लंडांत ब्रायन मे म्हणून एक विख्यात गिटारवादक आहेत. क्वीन नांवाच्या त्यांच्या वाद्यवृंदांतील गायक फ्रेडी मर्क्युरी हा आपल्या पांचगणीच्या शाळेंत शिकलेला पारशी मुलगा. हे मे महाशय प्लॅस्टिकचा तुकडा वापरीत नाहींत, तर जुनें सहा पेन्सांचें नाणें वापरतात. धातूचें नाणें वांकत नाहीं, आणि त्याची दांतेरी कड तारेला घांसून जो खरखरीत स्पर्श देते तो त्यांना हवा असतो. तें नाणें चलनांतून गेलें १९८० सालीं. मे यांचा हात मात्र त्यावरून ढळला नाहीं. हेच गृहस्थ पुढें २००७ सालीं खगोलभौतिकींत डॉक्टर झाले, म्हणजे विचार करून निवड करणारा माणूस आहे. त्यांचें पाहून आमच्या मुलानें नाणें घ्यावें असें आम्ही सांगत नाहीं. त्यानें एवढेंच घ्यावें कीं, आपल्या हाताला काय मानवतें हें शोधावें, आणि सांपडलें म्हणजे तेंच धरून वर्षानुवर्षें राहावें. वीस तुकड्यांपैकीं तीन निवडावे, एकेक महिना एकेक तुकडा वापरावा, आणि मग दोन डबींतून काढून टाकावे.

आतां मुलीकडे वळूं. तिचा प्रश्न अधिक निकडीचा आहे. तेरा वर्षांच्या मुलीचें बोट लहान, आणि पुडींतून आलेली नखी बहुधा मोठ्या माणसाच्या मापाची. ती सैल होते म्हणून घरांतील कोणी पकडीनें आंवळून देतो. मग ती बोट धरीत नाहीं, बोट कापते. नखी तर्जनीच्या शेवटच्या पेरावर बसावी. वळशांनीं दोन्ही बाजूंनीं सारखें धरावें, एका बाजूनें रुतूं नये. टोंक बोटाच्या अग्रापुढें थोडेंच यावें. फार पुढें आलें तर तें डुलतें आणि तारेवर दोनदां टिचकतें, मागें राहिलें तर मांस तारेला लागून आवाज मरतो. 'दा' हा हाताकडे येणारा आघात पुष्कळदां चुकीच्या नखीनेंहि बरा निघतो. 'रा' हा बाहेर जाणारा आघात करतांना नखी हलली किंवा फिरली तर माप चुकलें असें खुशाल समजावें. घातल्यावर बोटाला वळ उठणें, पहिले कांहीं आठवडे दुखरेपणा राहणें आणि पुढें तेथें घट्टा पडणें हें स्वाभाविक आहे. पण पेर निळें पडणें व बधिर होणें स्वाभाविक नाहीं. रक्त अडलें आहे असा त्याचा अर्थ, आणि तेथें "सहन कर, सवय होईल" म्हणणें हा शिस्तीचा नव्हे, अज्ञानाचा उपदेश होय. नखी तत्काळ काढावी.

योग्य नखी कोठून आणावी, हाहि आमच्यासारख्या आडबाजूच्या जिल्ह्यांतील प्रश्नच आहे. महाराष्ट्रांत ह्या विद्येचें माहेर मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब नांवाच्या शिकलगारांनीं, म्हणजे ज्यांच्या घरीं शस्त्रांना धार लावण्याचा धंदा होता त्यांनीं, तेथें सतार-तंबोरे करण्यास आरंभ केला, आणि तलवारीवर बसलेला तो हात तारेवर बसला. आजहि त्यांचे वंशज व इतर कारागीर 'सतारमेकर' ह्याच नांवानें तेथें काम करीत आहेत. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेस मिरजेहून निघून मलकापूर, शेगांवास येते, म्हणजे एकाच गाडीचा प्रवास आहे. जाणें न झालें तर दोऱ्यानें तर्जनीच्या शेवटच्या पेराचा घेर मोजावा आणि तें माप लिहून लहान बोटाच्या, मध्यम तारेच्या तीन-चार नख्या मागवाव्या. त्यांतील एक शिक्षकांच्या समक्ष निवडावी. पकडीनें सैल-घट्ट करावयाचें तें त्यांनींच करावें, आणि मुलीला तें शिकवावें. वादन संपल्यावर नखी कोरड्या फडक्यानें पुसून ठेवावी, नाहींतर पावसाळ्यांत गंजते व गंजलेलें टोंक तारेला चावतें.

आमच्या लहानपणीं शाळेंत बोरूनें कित्ता गिरवीत. बोरूचा काप तिरपा असतो, आणि तो ज्या बाजूनें तिरपा पाहिजे त्याच बाजूनें असला तरच देवनागरीचें वळण जाड-बारीक यथास्थित उतरतें. कांहीं शिक्षक वेडेंवांकडें अक्षर दिसलें कीं छडी उचलीत. आमचे एक गुरुजी मात्र प्रथम मुलाच्या हातांतला बोरू घेत, चाकूनें नवा काप देत, आणि म्हणत, "आतां लिही." पुष्कळांचें अक्षर तेवढ्यानें सुधारे. ज्यांचें तरीहि सुधारत नसे त्यांना ते मग गिरवायला बसवीत. ही क्रमवारी आम्हीं पुढें आमच्या वर्गांत जन्मभर पाळली. मुलाला बुद्धि नाहीं, हात नाहीं, गळा नाहीं हे निकाल द्यावयाला एक क्षण लागतो, आणि तीं वाक्यें मुलें पन्नास वर्षें विसरत नाहींत. मुलींच्या बाबतींत तर असा निकाल घरांत चटकन् मान्यहि होतो, कारण सतार गेली म्हणून स्वयंपाकघराचें कांहीं अडत नाहीं. म्हणूनच तो देण्यापूर्वीं अधिक थांबलें पाहिजे.

मामंजींचा कान खरा आहे, हें आम्ही पुनः म्हणतों. आवाज वाईट येतो हें त्यांनीं बरोबर ओळखलें. तो कोठून येतो, एवढेंच पाहावयाचें राहिलें आहे. त्यांनीं नातीला स्वतः जवळ बसवावें, तिचें बोट हातांत घेऊन पाहावें, आणि नवी नखी आपल्या हातानें आणून द्यावी. ज्यांनीं निकाल दिला त्यांनींच तो तहकूब केला तर मुलगी सतारीस पुनः हात लावील. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यानें ती लावील असें आम्हांस वाटत नाहीं. चांगल्या नखीनें, रोज थोडा वेळ, चार महिने वाजवूं द्यावें. त्यानंतरहि किणकिणाट तसाच राहिला तर सतार विकावी किंवा न विकावी, तो विचार तेव्हां करतां येईल. दिवाळीची मुदत मात्र आज रद्द करावी.

भगिनींनीं नखी बदलल्यानंतर काय झालें तें अवश्य कळवावें. ज्या घरीं अशीच एखादी सतार खुंटीला अडकून राहिली असेल, त्यांनींहि तिच्या गवसणींतील पुडी सोडून नखी एकवार बोटांत घालून पाहावी आणि आपला अनुभव आम्हांस लिहावा.